कवडीमोलाचे व्हायोलिन



डब्यांपासून केलेली वाद्ये म्हटल्यावर आपणांपैकी पुष्कळांना मुलांचा सुटीतला उद्योग आठवला असेल. मी आज ज्या वाद्यांविषयी बोलणार आहे, त्यांवर मोझार्ट वाजवतात.

पाराग्वे देशाची राजधानी असून्सिओन. तिचा कचरा काटेउरा येथे नदीकाठी नेऊन टाकीत आले. शेजारच्या वस्तीतील अनेक कुटुंबे तो उपसून पोट भरीत. हातातल्या लोखंडी आकडीवरून त्यांना 'गांचेरो' असे नावच पडले. २००६ साली फाविओ चावेस हा गृहस्थ पर्यावरणाच्या कामासाठी तेथे गेला. तो संगीतही जाणत होता. मुले शिकायला येऊ लागली, आणि वाद्ये पुरेनात.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वस्तीत खऱ्या व्हायोलिनची किंमत राहत्या घराहून अधिक. असे वाद्य पोराच्या हाती दिले तर ते चोरीला जाणार, नाहीतर अडल्या दिवशी घरचेच विकणार. मग निकोलास गोमेस पुढे आला. त्याला 'कोला' म्हणत. कचरा वेचणारा, पण हातात सुतारकाम. त्याने रंगाच्या डब्यांची व्हायोलिने केली, तेलाच्या पिंपाचा चेलो केला. सॅक्सोफोनला नळ सांडपाण्याचा, आणि कळांच्या जागी नाणी व बाटल्यांची झाकणे! ही वाद्ये कोणी चोरीत नाही, कारण बाजारात त्यांना कवडीचेही मोल नाही. म्हणूनच मूल ती घरी नेऊन रोज वाजवू शकते. आणि रियाज घरीच होतो.

आवाजाचे म्हणाल तर पत्रा म्हणजे काही लाकूड नव्हे. त्याचा नाद थोडा कडक आहे. पण तारेचे कंपन घोडीवाटे पोकळ अंगात उतरवायचे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. पोवाड्यामागचे आपले तुणतुणे तरी काय? एक नळकांडे, तळाला कातडे आणि एक तार.

२०१२ साली या मुलांची लहानशी चित्रफीत जगभर पसरली. २०१५ साली 'लँडफिल हार्मोनिक' हा संपूर्ण बोलपट आला. त्यामुळे त्यांना दूरदूरची आमंत्रणे आली, हे खरे. तरीही तो पाहताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले. पडद्यावर कचऱ्याचा डोंगर दिसतो, मग वाजवणारी मुलगी दिसते, आणि आपण टाळ्या वाजवतो. टाळी त्या मुलीच्या सुराला की डोंगराला? तिने गज चुकीचा ओढला असता तर आपल्याला कळले असते का? मला कळले नसते, हे मी कबूल करतो. दुसऱ्यांदा मी नुसते ऐकले; तेव्हा कोठे एके ठिकाणी ताल किंचित ओढला गेलेला ऐकू आला, आणि पुढच्याच ओळीत सावरलेलाही.

म्हणून व्यवस्थापकांना विनंती आहे, पडदा अजून उघडू नये. दिवे मंद करा. आधी ध्वनिमुद्रण ऐकू. चित्रे मागाहून दाखवीन.