घर गहाण टाकावं, पण कधी?

राहायला कोथरूडला कोटीचा फ्लॅट, आणि औषधांच्या दुकानात मात्र ‘सध्या पंधरा दिवसांच्याच गोळ्या द्या’, अशी जोडपी आपल्या आसपास पुष्कळ आहेत. अशांसाठी २००७च्या अर्थसंकल्पात रिव्हर्स मॉर्गेजची घोषणा झाली. राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं, बँक दरमहा पैसे देणार, हयातीत परतफेड नाही, घरही सोडायचं नाही. दोघंही गेल्यावर वारसांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं. नाही तर विक्री, आणि वर उरेल ते वारसांना. कर्ज घराच्या किमतीपुढे गेलं तरी मुलांच्या खिशाला हात लागत नाही. मिळालेल्या रकमेवर प्राप्तिकरही नाही.

इतकं असून लोक फारसे फिरकले नाहीत. ‘वास्तू मुलांची’ ही आपली भावना आड येते, असं म्हणतात. येतही असेल. पण मला वाटतं, बरेचजण आकडेमोड करूनच माघारी फिरतात.

समजा, बँकेने व्याजासकट ५० लाखांची मर्यादा घातली. व्याज १० टक्के, मुदत १५ वर्षं. दरमहा हाती पडतात जेमतेम १२ हजार. पंधरा वर्षांत मिळाले पावणेबावीस लाख. बाकीचे सव्वाअठ्ठावीस लाख निव्वळ व्याज! शिवाय पासष्टीला सुरुवात केलीत तर ऐंशीला रक्कम बंद. घरात राहता येतं, पण सांभाळायला माणूस ठेवायची वेळ येते नेमकी तेव्हाच. (विमा कंपनीच्या जोडीने तहहयात रक्कम देणारा प्रकारही निघाला आहे, त्याची चौकशी वेगळी करा.)

त्यापेक्षा मोठा फ्लॅट विकून जवळपास लहान घेतला आणि सुटलेले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी महिन्याकाठी साडेवीस हजार पडतात. व्याज करपात्र आहे, मान्य. पण मुद्दल शाबूत राहतं.

मग रिव्हर्स मॉर्गेज कुणी घ्यावं? पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी, ज्यांना आता बिऱ्हाड हलवणं झेपणार नाही आणि ज्यांचे वारस नाहीत किंवा परदेशी स्थिरावलेत. तेच ५० लाख दहा वर्षांत घेतले तर महिना २४ हजारांवर जातो.

घर स्वकष्टार्जित हवं, वडिलोपार्जित चालत नाही. इमारतीचं आयुष्य निदान २० वर्षं उरलेलं हवं, आणि जुन्या सोसायट्यांचं घोडं इथेच अडतं. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर आधी ती मार्गी लावा. मेंटेनन्स, मिळकतकर, घराचा विमा हे सगळं आपल्याच डोक्यावर राहतं.

साठीत असाल तर या वाटेला जाऊ नका. पंचाहत्तरीत जाणार असाल, तर पत्नीचं नाव सहकर्जदार म्हणून घातल्याशिवाय सही करू नका. कर्ज एकट्याच्या नावावर राहिलं, तर तुमच्या मागे हिशेब मिटवायची पाळी तिच्यावर येईल.