कन्हानचा मासा आणि जवसाचं तेल

मत्स्यविज्ञानाच्या स्नातकांनो आणि मागच्या रांगांत बसलेल्या पालकांनो,

पदवीदानाच्या दिवशी पाऱ्याचा विषय काढणाऱ्या पाहुण्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. तरी काढतो, कारण नागपूरच्या बऱ्याच नळांना कन्हान नदीचं पाणी येतं. कन्हान गावाच्या वरच्या अंगाला कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानमध्ये उतरली. कोळशात पारा अगदी थोडा, पण कोळसा जळतो तो ढिगांनी. बराचसा पारा वाफ होऊन चिमणीतून जातो, काही राखेला धरून राहतो. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू पाऱ्याचा मिथिल पारा करतात. मग तो शेवाळातून झिंग्यात, झिंग्यातून मरळीत चढत जातो.

पण मला बोलायचंय ते माशाच्या पेशीबद्दल. २०१६ मध्ये बेल्जियमच्या लुव्हाँ विद्यापीठातल्या संशोधकांनी रेनबो ट्राउटच्या यकृताच्या पेशी घेतल्या, प्रत्येक गटाला वेगळं मेदाम्ल पाजलं आणि मग चोवीस तास मिथिल पाऱ्यात किंवा कॅडमियममध्ये ठेवलं. पेशीपटल मेदाचंच, जे पाजलं ते पटलात जाऊन बसलं. अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळालेल्या पेशींनी पाऱ्यापुढे जास्त तग धरला. लिनोलेइक आम्लाने काही फरक पडला नाही. आणि माशाच्या तेलातलं नावाजलेलं ओमेगा-३, डीएचए? त्याने कॅडमियमपासून वाचवलं, पाऱ्यापासून नाही. ओमेगा-३ म्हटलं की सगळं चांगलंच, असं समजणाऱ्यांची इथे पंचाईत होते. मला हा निकाल आवडतो तो त्यासाठीच.

यातलं पहिलं, अल्फा-लिनोलेनिक आम्ल तुमच्या घरचं आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास तेच असतं, आणि जवसाची चटणी न खाल्लेला वैदर्भीय विरळा. तळ्यातल्या रोहू-कटल्याला मात्र आपण शेंगदाण्याची ढेप आणि तांदळाचा कोंडा घालतो. त्यात हे आम्ल नावापुरतंच.

तेव्हा उद्या कुणीतरी म्हणेल, खाद्यात जवस मिसळा, पाऱ्याचा प्रश्न मिटला. तिथे सावध राहा. पेशी तगली म्हणजे पारा गेला असं नव्हे. विष सोसून धडधाकट फिरणारा मासा जास्त वर्षं जगेल, जास्त पारा साठवेल आणि ढीवराच्या जाळ्यातून बाजारात येईल. मिथिल पारा चरबीत नाही, मांसाच्या प्रथिनांत अडकतो. चरबी काढा, तळा, रस्सा करा, तो ताटात येतोच. जपानमध्ये १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेलेला मिनामाताचा आजार याच वाटेने माणसांपर्यंत आला होता.

शिवाय ट्राउट थंड पाण्याचा मासा. मे महिन्यातली कन्हान त्याला सोसायची नाही. हा प्रयोग रोहू आणि मरळीच्या पेशींवर करणं तुमच्याकडे आलं. करताना पेशी किती जगल्या आणि त्यांच्यात पारा किती उरला, हे दोन्ही एकाच तक्त्यात लिहा. नदीचा नमुना असेल तर यकृत आणि मांस वेगळं ठेवा, माशाची लांबी-वजन टिपा. मोठ्या, जास्त वयाच्या माशात पारा जास्त भरतो. आणि निकाल हाती आला की ज्या ढीवराने मासा दिला त्यालाही तो सांगून या, मराठीत, आकड्यांसकट.