व्यवसायोपचार म्हणजे काय?
(वार्षिक सभेतील भाषण)



आमच्या विभागाच्या दारावरील ‘व्यवसायोपचार’ ही पाटी वाचून, येथे नोकरी-धंदा मिळवून देतात काय, अशी पृच्छा अनेक जण करतात. गैरसमज स्वाभाविक आहे. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ उपजीविका नव्हे. दात घासणे, जेवणे, पोळी लाटणे, सही करणे, लहान मुलाच्या बाबतीत खेळणे, अशा ज्या कृतींनी माणसाचा दिवस भरलेला असतो, त्या सर्व त्याचे व्यवसाय होत.

या शास्त्राचे शिक्षण आपल्या देशात मुंबईतच सुरू झाले. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहानंतर येथीलच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता.

पक्षाघाताच्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. भौतिकोपचाराने त्याच्या स्नायूंत बळ येऊ लागते, चालणे सुधारते. परंतु सदरा कसा घालावा हा प्रश्न उरतोच. त्यास आम्ही शिकवतो की खुर्चीवर पाय टेकवून बसावे, कमकुवत हात बाहीत आधी घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. ताटाखाली ओले फडके ठेवले की ताट सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला की पकड जमते. अर्थात परदेशी पुस्तकांतील काटा-चमचा आमच्या रुग्णांना पुरत नाही. त्यांना वरणभात बोटांनीच कालवायचा असतो. म्हणून कणकेचा गोळा मळणे, धान्य निवडणे हाच आमच्याकडील व्यायाम असतो.

येथे आप्तांना एक विनंती करावीशी वाटते. आपण मायेने भरवता. पण न वापरलेला हात हळूहळू विसरला जातो. पहिले चार घास, कितीही वेळ लागो, रुग्णास स्वतः घेऊ द्यावेत. मात्र गिळताना ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या हातांचे प्रश्न वेगळे आहेत. अशा हाताला तव्याचा चटका कळतच नाही, जखम चिघळते आणि बोटे गमावण्याची वेळ येते. भांड्यांना लाकडी मुठी बसवणे आणि रोज हात डोळ्यांनी तपासण्याची सवय लावणे, एवढ्यानेही पुष्कळ हानी टळते.

देणगीदारांशी स्पष्ट बोलण्याची मुभा घेतो. यंत्रासाठी देणगी मिळते, कारण यंत्रावर नाव कोरता येते. हाताला आधार देणारी पट्टी, शौचासाठीची खुर्ची, न्हाणीघराच्या भिंतीवरील दांडा आणि आमच्या उपचारकाचा रुग्णाच्या घरापर्यंतचा प्रवास यांवर नाव कोरता येत नाही. तथापि रुग्णालयात उत्तम चालणारा रुग्ण घरच्या उंबरठ्याला अडखळून पडला, तर आधीचा सारा खर्च वाया जातो. गृहभेटींसाठी आपण स्वतंत्र निधी द्यावा, ही आमची मागणी आहे.

ज्यांचा रुग्ण लवकरच घरी जाणार आहे, त्यांनी न्हाणीघराच्या दाराची रुंदी, उंबरठ्याची आणि पलंगाची उंची मोजून आणावी व आम्हांस भेटावे.