यंत्र ऐकतं, पण ऐकत नाही

मराठीत ‘ऐकणं’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कानानं ऐकणं हा एक, आणि सांगितलेलं मानणं हा दुसरा. ‘आमचा मुलगा अजिबात ऐकत नाही हो’ असं एखादी आई म्हणते, तेव्हा ती काही त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला निघालेली नसते. मी गेली तीसेक वर्षं पेटीची साथ करतो, आणि साथीदाराचं सगळं आयुष्य या दोन अर्थांच्या मधल्या अरुंद बोळातून जातं. गवयाचं ऐकायचं, त्याचा सूर टिपायचा, तो कुठं निघालाय ते ओळखायचं. पण तो जाईल तिथं नुसतं शेपूट धरून गेलात, तर ‘ठीक वाजवतो’ यापलीकडे कुणी काही बोलत नाही. आणि आपलंच घोडं पुढं दामटलंत, तर पुढच्या बैठकीचं बोलावणं येत नाही. आज मला बोलायचंय ते अशा एका साथीदाराबद्दल, जो माणूस नाही.

यंत्र आणि गाणं म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉनिक तंबोरा येतो. बंगळुरूचे जी. राज नारायण, स्वतः अभियंते आणि बासरीवादक, यांनी १९७९ साली तो केला. मागोमाग तालमाला आली, तबलजींच्या रियाझासाठी लेहऱ्याचं यंत्र आलं, आणि आता तर हे सगळं मोबाइलमध्येच आहे. मिरजेच्या तंबोरा करणाऱ्या कारागिरांना याची झळ बसली, हे खरं. पण रात्री अकरा वाजता रियाझाला कोण तंबोरा छेडत बसणार, हेही खरंच. ही यंत्रं दुसऱ्या अर्थानं अगदी आज्ञाधारक आहेत. काळी एक म्हणाल तर काळी एक, लय ऐंशी म्हणाल तर ऐंशी. पहिल्या अर्थानं मात्र ठार बहिरी! तुम्ही बेसूर व्हा, सम चुकवा, मध्येच उठून चहा प्यायला जा, त्यांना पत्ता नसतो.

यंत्राबद्दल नाक मुरडण्याचा हक्क आम्हा पेटीवाल्यांना तसा कमीच. आमची पेटी युरोपातून आली, तिचे सूर ठरलेले, तिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत. म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिला दाराबाहेर काढलं होतं. ती पुन्हा आत यायला १९७१ उजाडावं लागलं. रवींद्रनाथांनाही पेटी खपत नसे. आक्षेप खोटे नव्हते. पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्याच ठरलेल्या सुरांतून गाणं काढून दाखवलं होतं, हेही तितकंच खरं. एवढं सांगून ठेवतो, कारण यंत्राच्या आत त्याला घडवणाऱ्याचं संगीत बसलेलं असतं, हा मुद्दा पुढं येणार आहे.

संगणक आणि वादक यांची पहिली गाजलेली गाठ पडली ती अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठात. लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन या दोघांनी १९५६-५७ मध्ये तिथल्या इलियाक नावाच्या अवाढव्य संगणकाला नियम घालून दिले आणि त्याच्याकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना लिहवून घेतली. तिचं नाव ‘इलियाक सूट’. संगणकानं लिहायचं, माणसांनी वाजवायचं. इथं यंत्र मैफलीत नाहीच, ते घरी बसून बंदिश पाठवतंय.

मैफलीत येऊन बसायला यंत्राला आणखी वीस वर्षं लागली. १९७७-७८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ आणि त्यांच्या मित्रांनी किम-१ नावाचे छोटे संगणक घेतले. त्यांची स्मृती जेमतेम एक हजार अक्षरांची. म्हणजे हे माझं भाषणसुद्धा त्यात मावलं नसतं. हे संगणक त्यांनी एकमेकांना तारांनी जोडले, एकानं जे वाजवलं त्यानं दुसऱ्याचं वाजवणं बदलेल असे. १९७९ मध्ये दर पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, बर्कलीच्या फिनिश हॉलमध्ये ही मंडळी यंत्रं मांडायची आणि तास-दोन तास वाजू द्यायची. लोक यायचे, बसायचे, प्रश्न विचारायचे, उठून जायचे. मला ही कल्पना फार आवडते. आपल्याकडे बुवांच्या घरी असाच राबता असायचा.

या वर्तुळाच्या संपर्कात एक तरुण ट्रॉम्बोनवादक आला. ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढं-मागं सरकवत वाजवायचं पितळी वाद्य. काही बँड पथकांत तुम्ही ते पाहिलं असेल. या तरुणाचं नाव जॉर्ज लुइस. जन्म १९५२, शिकागो. येल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेला. १९७१ मध्ये तो शिकागोच्या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या एका संस्थेत दाखल झाला होता. १९६५ साली सुरू झालेली ही संस्था ए.ए.सी.एम. या नावानं ओळखली जाते. तिथली रीत अशी, की प्रत्येकानं स्वतःचं संगीत करायचं आणि एकेका वादकानं अनेक वाद्यं हाताळायची. मंचावर वाद्यांचा ढीग मांडलेला असायचा.

लुइसनं १९८० च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक संगणक प्रणाली लिहायला घेतली. १९८७ मध्ये ती लोकांसमोर आली. नाव ‘व्हॉयेजर’, म्हणजे प्रवासी. ती कशी चालते ते थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे.

या प्रणालीच्या आत चौसष्ट वादक आहेत, असं समजा. अर्थात कल्पनेतले. दर पाच ते सात सेकंदांनी प्रणाली त्यांच्या टोळ्या नव्यानं पाडते: आता या तिघांनी हे वाद्य घ्यावं, या सुरांत वाजवावं, या लयीत, त्या नऊ जणांनी गप्प बसावं. त्याच वेळी ती समोरच्या माणसाचं वाजवणं ऐकत असते. सूर कुठला, जोर किती, सुरांमधली अंतरं कशी, स्वर दाट पडतायत की विरळ, याची सरासरी काढत असते. आणि मग ती ठरवते, या माणसाचं काय करायचं? तीन वाटा आहेत. त्याच्यासारखं वाजवायचं. त्याच्या उलट वाजवायचं. किंवा त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष करायचं.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की वादकाच्या हातात कसलाही लगाम नाही. पायाखाली कळ नाही, इशारा नाही, ‘आता थांब’ म्हणण्याचं बटण नाही. समोर कुणीच वाजवत नसेल, तर ही प्रणाली एकटीच वाजवत राहते. तिला आपल्यात ओढायचं असेल, तर एकच मार्ग उरतो, चांगलं वाजवणं. आपल्याला तबलजीशी वागावं लागतं तसंच की हे! फार तर डोळे मोठे करून बघता येतं, पण इथं डोळ्यांचाही उपयोग नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुद्दाम न ऐकणारं यंत्र करायचं कशाला? लुइसचं उत्तर सरळ आहे. नुसतं हुकूम पाळणारं यंत्र हे तुमचं हत्यार असतं, सोबती नव्हे. त्याला यंत्र आणि माणूस यांच्यात मालक-नोकर नातं नको होतं. ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांना गुलामगिरी ठाऊक होती, त्या समाजातल्या कलावंतानं हे म्हणावं, याला एक वजन आहे. २००० साली लिहिलेल्या एका लेखात त्यानं आणखी एक गोष्ट मांडली. संगणकाची प्रणाली ही काही आकाशातून पडत नाही. ती लिहिणाऱ्याचं संगीत, त्याचे संस्कार, त्याची माणसं तिच्यात असतात. ‘व्हॉयेजर’चे चौसष्ट वादक हे शिकागोच्या त्या मंचावरचे वाद्यांचे ढीगच आहेत. मोत्सार्टच्या रचनेत ‘फार सूर आहेत’ अशी कुरकुर एका सम्राटानं केल्याची आख्यायिका आहे. लेखाचं शीर्षक लुइसनं तिथूनच उचललंय. तुम्हाला फार वाटत असतील, आम्हाला इतकेच लागतात, असा त्याचा रोख.

१९९३ मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रणात या प्रणालीबरोबर लुइस आणि सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल वाजवतात. ते ऐकायला सोपं नाही. सिंथेसायझरचे आवाज त्या काळातले, थोडे कोरडे. पण दहा मिनिटं टिकून राहिलात, तर कोण कुणाला उत्तर देतंय हे ओळखायचा नाद लागतो.

हा विचार आपल्याकडे आणला की पहिली ठेच कानाला लागते, यंत्राच्या कानाला. संगीत-यंत्रांची आपसात बोलायची मिडी नावाची भाषा १९८३ पासून रूढ आहे. तिचे मूळ सूर पियानोच्या पट्ट्यांसारखे. मधल्या जागा सांगायची सोय तीत आहे, पण ती मागाहून जोडलेल्या पडवीसारखी. दरबारीचा आंदोलित गंधार तिच्यातून गेला, की ‘गंधार, रिषभ, गंधार, रिषभ’ अशी दारावरची थाप होऊन बाहेर पडतो. इथं मला १९४० चा पेटीवरचा आक्षेप पुन्हा ऐकू येतो. अजय कपूर या अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या संगीतकार-अभियंत्यानं २००४ च्या सुमारास सतारीलाच संवेदक बसवले, म्हणजे यंत्रानं नुसता आवाज न ऐकता वादकाचे हातही बघावेत. पुढं त्यानं भारतीय तालवाद्यं वाजवणारा बारा हातांचा ‘महादेवीबॉट’ केला. यंत्राचा कान आपल्या गाण्यासाठी घडवायचा, तर तो आपल्यापैकीच कुणी घडवायला हवा, हे त्यानं ओळखलं.

अलीकडे चार शब्द लिहिले की आख्खं गाणं तयार करून देणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्यांच्यावर दावे लावले, पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींनी तडजोडही केली. त्या भांडणात आम्हा साथीदारांना कुणी विचारलेलं नाही. ज्या कार्यक्रमाला पूर्वी तबला, पेटी, टाळ अशी तीन पाकिटं निघायची, तिथं आता एक स्पीकर पुरतो. हे मी डोळ्यांनी पाहतो. पण नीट बघा, आमची जागा घेतली ती न ऐकणाऱ्या, केवळ आज्ञा पाळणाऱ्या यंत्रांनी. लुइसच्या यंत्राला मात्र समोर माणूस लागतो. माणसाशिवाय ते वाजेल, पण मग दुर्लक्ष तरी कुणाकडे करणार?

माझ्याकडे रविवारी पेटी शिकायला एक तरुण येतो. आठवडाभर संगणकाची नोकरी. ‘व्हॉयेजर’ ऐकून त्यानं स्वतःच एक छोटी प्रणाली लिहिली. ती माइकवरून माझी पेटी ऐकते आणि संतूरसारख्या आवाजात वाजवते. पहिल्या खेपेला ती माझंच मला परत करत होती. दहा मिनिटं मजा आली, मग पोपटाशी गप्पा मारल्यासारखं वाटलं. पुढच्या खेपेला त्यानं तिला अधूनमधून दुर्लक्ष करायला शिकवलं. मी यमन घेतला होता. निषाद, रिषभ, गंधार करत वर निघालो, तर ही बया तीव्र मध्यमावर ठाण मांडून बसली. हलेना! मी पंचमावर गेलो, तरी मध्यमच. शेवटी मी खाली गंधारावर येऊन थांबलो आणि त्या मध्यमाला टेकून एक जागा घेतली, जी तीस वर्षांत माझ्या हातातून कधी गेली नव्हती. तिला यमन कळत होता का? मुळीच नाही. तबला लावून तीनताल सुरू केला, तेव्हा तर तिचं पितळ उघडं पडलं. सोळा मात्रा ती बिनचूक मोजते, पण समेची ओढ तिला नाही. तेराव्या मात्रेपासून आपल्या पोटात जे सुरू होतं, ते तिच्या कुठल्याच आकड्यात नाही.

तासाभरानं मी भाता मिटला. संतूर चालूच राहिलं.

‘‘सर, तुम्ही थांबलात की थांबायचं, अशी एक ओळ टाकू का?’’ त्यानं विचारलं.

म्हटलं, ‘‘आत्ता नको रे. काय म्हणतेय ते तरी ऐकू दे.’’