संकटकाळातील विचारपूस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपत्तीच्या प्रसंगी लोकांची गरज कशी ओळखावी, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणिसांनी मला केली आहे. अलीकडे या कामी एक नवे साधन हाती आले आहे. प्रश्नांचा तक्ता करावा, तो इंटरनेटवरून लोकांच्या मोबाईलवर धाडावा आणि आलेल्या उत्तरांवरून कोठे काय पाहिजे ते ठरवावे. या ऑनलाइन पाहणीचा अनुभव आपल्या मंडळानेही घेतला आहे. म्हणून तिचे गुणदोष पारखणे आपले कर्तव्य ठरते.

प्रथम गुण सांगतो. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात मोठा भूकंप झाला. पीडितांनी ४६३६ या क्रमांकावर मोबाईलवरून संदेश पाठवावेत, अशी सोय त्या वेळी करण्यात आली. संदेश तेथील क्रिओल भाषेत येत. परदेशी राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी घरबसल्या त्यांची भाषांतरे केली आणि मदतीची ठिकाणे नकाशावर उमटली. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा 'केरळ रेस्क्यू' या संकेतस्थळावर दूरदूरच्या नातलगांनीही आपल्या अडकलेल्या माणसांचे पत्ते नोंदविले. २०२० साली कोरोनाच्या साथीत तर दारोदार फिरणेच अवघड झाले होते. तेव्हा दूरध्वनी आणि इंटरनेट यांचाच मुख्य आधार उरला.

परंतु याच केरळात एका घराची मागणी अनेकांनी नोंदविली, तर सुटका झालेल्यांची नावेही यादीत तशीच राहिली. स्वयंसेवकांना फोन करून एकेक नोंद पडताळावी लागली. याहून मोठा दोष निराळाच आहे. आम्ही शिक्षक वर्गात हजेरी घेतो, तेव्हा गैरहजर मुलाचे नावही पटावर असते. म्हणूनच त्याच्या घरी चौकशी करता येते. ऑनलाइन पाहणीत मात्र आलेल्यांचीच नावे लागतात. ज्याचा मोबाईल पाण्यात गेला, ज्याच्या गावची वीज गेली, ज्याला अक्षरओळख नाही, त्याचे नाव कोठेच उमटत नाही. आणि बहुधा त्याचीच गरज सर्वांत मोठी असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, त्या वेळची गोष्ट. आपल्या मंडळाने सभासद कुटुंबांना प्रश्नांचा तक्ता पाठविला. उत्तरे आली ती ज्यांच्या घरात वीज होती त्यांची आणि गावाबाहेर असलेल्या मुलाबाळांची. त्यांवरून आम्ही बिस्किटे व ब्लँकेटे गोळा केली. पाणी ओसरल्यावर टेम्पो घेऊन नदीकाठच्या एका गावी गेलो, तर तेथे बिस्किटांचे ढीग पडलेले होते. लोकांना हवी होती चिखल उपसण्यास फावडी, जनावरांना वैरण आणि मुलांना वह्यापुस्तके. आमच्या तक्त्यात हे प्रश्नच नव्हते.

त्याच गावी आपल्या ज्ञातीतील एक वृद्ध विधवा भेटल्या. त्यांचे उत्तर आले नव्हते, आणि आम्हीही त्याची चौकशी केली नव्हती. संच त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, आधी शेजारी द्या. पाणी चढलं तेव्हा त्याच पोरांनी मला खांद्यावर घालून वर नेलं. त्यांचं नाव तुमच्या यादीत नसंल, पण माझं जगणं त्यांच्यामुळं आहे." ते शेजारी आपल्या ज्ञातीचे नव्हते. आम्ही सगळेच खाली मान घालून उभे राहिलो. ती मान आजही मला पुरती वर करता येत नाही.

या अनुभवावरून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, मंडळाची सभासदयादी हाच हजेरीपट समजावा. उत्तर न देणाऱ्यांच्या नावांवर खूण करून त्यांस आधी फोन करावा, आणि तोही न लागल्यास मनुष्य पाठवावा. जाणाऱ्यास 'कोबो टूलबॉक्स'सारखे साधन उपयोगी पडेल. त्यात नेटवर्क नसतानाही उत्तरे भरून ठेवता येतात आणि नेटवर्क मिळताच पुढे धाडता येतात. दुसरी, प्रश्न थोडे असावेत आणि "आणखी काय हवे?" ही ओळ मोकळी ठेवावी. आधार क्रमांक वा बँकेचा तपशील विनाकारण विचारू नये, आणि जे देणे आपल्या शक्तीबाहेर आहे त्याची आशा लावू नये. तिसरी, प्रत्येक तक्त्यात एक प्रश्न अवश्य घालावा: "आपल्या शेजारी कोण अडचणीत आहे?" त्या उत्तरात ज्ञातीचा रकाना नसावा.

आपले मंडळ ज्ञातीच्या उत्कर्षासाठी स्थापन झाले, याचा मला अभिमान आहे. परंतु पुराचे पाणी घरात शिरताना ज्ञाती विचारीत नाही. मग मदतीने ती का विचारावी? याचा विचार आपण कराल, अशी मला आशा आहे.