नक्कल न साधलेले वाद्य



वाद्याची किंमत कशावरून ठरवावी? दुसऱ्या वाद्याची नक्कल त्याला किती साधते यावरून, की त्याच्या स्वतःच्या आवाजावरून? या वादात आम्ही आज एका यंत्राची साक्ष काढणार आहोत.

१९८०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या रोलँड कंपनीने 'टीबी-३०३' ही लहानशी चंदेरी पेटी विकण्यास काढली. तिचे रचनाकार तादाओ किकुमोतो. हेतू साधा होता : साथीला बेस गिटार वाजवणारा नसला, तर त्याची उणीव हिने भरून काढावी. आत स्वर उत्पन्न करणारे मंडल एकच. ते विजेची लहर करवतीच्या दातांसारखी किंवा चौकोनी काढते. ती लहर मग एका गाळणीतून जाते. एक बटण फिरवावे, तो वरचे उपस्वर गळतात. दुसरे फिरवावे, तो आवाज टोकदार होऊन किंचाळू लागतो. सोळा पावलांचा स्वरक्रम आधी भरून ठेवायचा. त्यात हव्या त्या स्वरावर आघात देता येतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरताही येते.

पण गिटारचा भास काही होईना. स्वर भरण्याची रीतही किचकट. गिऱ्हाईक फिरकेना, आणि १९८४ साली उत्पादन थांबले.

तरी गुण ओळखणारे निघालेच. १९८२ सालीच मुंबईत चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी या यंत्राच्या घसरत्या खर्जाच्या साथीने दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. तिचेही तेव्हा चीज झाले नाही. पुढे १९८७ साली अमेरिकेत, शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळीने 'ॲसिड ट्रॅक्स' ही रचना प्रसिद्ध केली. तोच स्वरक्रम फिरता ठेवून त्यांनी केवळ बटणे फिरवली. स्वर तेच, रंग मात्र क्षणोक्षणी निराळा! त्यातून नृत्यसंगीताचा एक नवा पंथ निघाला, आणि टाकाऊ ठरलेली पेटी दुर्मिळ झाली.

आपल्याकडे हार्मोनियमचे असेच झाले. तिला मींड येत नाही, म्हणून नभोवाणीने १९४० साली तिला दार बंद केले. ते १९७१ पर्यंत उघडले नाही. परंतु गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकणाऱ्यांनी तिच्यात सारंगी शोधली नाही. ते पेटीच ऐकत होते.

तेव्हा नवे वाद्य समोर आले, की 'हे कोणासारखे वाजते?' असे विचारण्याआधी 'याला स्वतःचे काय सांगायचे आहे?' एवढे आपण विचारू या. निवाडा त्यानंतर करावा.