दादीच्या ताटातली डाळ घट्ट हवी

(जालना येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मी आहारतज्ज्ञ आहे. तुमच्यापैकी जे जिमला जातात त्यांना रोज किती प्रोटीन घ्यायचं ते तोंडपाठ असतं. मी आज त्याच प्रोटीनबद्दल, म्हणजे प्रथिनांबद्दल बोलणार आहे. पण ज्यांना वजनाच्या मानानं ती इतर प्रौढांहून जास्त लागतात, त्या तुमच्या घरातल्या दादा-दादी, नाना-नानींबद्दल.

वय वाढलं की स्नायू झिजतात. साठीनंतर ही झीज वेग घेते. १९८९ साली अमेरिकेतले संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी तिला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिलं. आपण मात्र “म्हातारपण आलं, आता असंच चालायचं” म्हणून सोडून देतो.

स्नायूंचं काम फक्त वजन उचलण्याचं नाही. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. ते घटले की साखर रक्तात रेंगाळते आणि मधुमेह आवरणं अवघड होतं. आजारपणात शरीर प्रथिनांची उसनवारी करतं तीही स्नायूंकडूनच. म्हणून तापानं आठ दिवस पडलेली दादी उठते तेव्हा तिचे पाय लटपटतात. तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं आणि स्वतःची कामं करणारी बाई खाटेला खिळते.

यात आणखी एक अडचण आहे. एक अंडं विशीतल्या मुलाच्या शरीरात जेवढं काम करतं, तेवढं सत्तरीत करत नाही. म्हाताऱ्या स्नायूंना जागं करायला एका वेळी जास्त प्रथिनं लागतात. प्रौढांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस किलोमागे रोज ०.८३ ग्रॅमची आहे. वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रोट-एज’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०१३ साली पासष्टीपुढच्या लोकांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवले. म्हणजे ५० किलो वजनाच्या दादीला ५० ते ६० ग्रॅम हवेत.

आता तिचं ताट बघा. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी ज्वारीची एक भाकरी आणि पातळ शोरवा. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री अर्धी-एक भाकरी. हिशेब केला तर जेमतेम २० ग्रॅम भरतात. बोट्या आधी कमावत्यांच्या आणि मुलांच्या ताटात जातात, दादी सगळ्यांत शेवटी बसते. “दात नाहीत, मला शोरवाच पुरे,” असं तीच म्हणते आणि आपण ते खरं धरतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत तर म्हातारी माणसं मागे एकटीच असतात. एकट्यासाठी डाळ कोण शिजवणार?

हे कुठं घडतंय? आपल्या जालना जिल्ह्यात. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं ‘बीडीएन ७११’ सारखे तुरीचे वाण दिले. आपल्या शिवारात तूर, हरभरा, सोयाबीन पिकतं आणि पोत्यानं मोंढ्यावर जातं. म्हातारीच्या वाटीत मात्र डाळीपेक्षा पाणी जास्त असतं.

उपाय महागडा डबा विकत आणण्याचा नाही. सकाळी दोन अंडी आणि अर्धा ग्लास दूध, साधारण १६ ग्रॅम. दुपारी भाकरीसोबत घट्ट वरणाच्या दोन वाट्या, १९ ग्रॅम. रात्री भाकरी, मऊ शिजवलेले हरभरे किंवा खिमा आणि वाटीभर दही, २० ग्रॅम. झाले ५५. प्रथिनं तिन्ही वेळा वाटून द्यायची, सगळी एकाच जेवणात नाही. भाकरीच्या प्रथिनांतली उणीव डाळ भरून काढते, म्हणून दोन्ही एकत्र हवीत. दात नसतील तर आपला खिचडा आहेच: गहू, डाळ आणि गोश्त, सगळं मऊ. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सहरीत नुसता चहा-पाव नको, अंडं आणि दही हवं. मधुमेह असेल तर रोज्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

नुसतं खाऊनही भागत नाही. स्नायूंना काम हवं. मशिदीत मागच्या रांगेत खुर्च्या वाढताना तुम्ही पाहिल्या असतील. काहींचे गुडघे दुखतात हे खरं, पण काहींच्या मांड्यांतली ताकदच गेलेली असते. घरी एक चाचणी करा. खुर्ची भिंतीला टेकवा, तुम्ही शेजारी उभे राहा. हात छातीशी धरून दादांना पाच वेळा उठा-बसायला सांगा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ताकद कमी झाली असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. हीच उठबस रोज थोडी थोडी केली की तो व्यायामही होतो.

शेवटी, हा प्रश्न फक्त घरातला नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, पण म्हाताऱ्यांना जी डाळ हवी ती दर महिन्याला हक्कानं मिळत नाही. ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत ही मागणी तुम्ही मांडा. त्यासाठी घरापासून सुरुवात करा. येते सात दिवस घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसानं काय खाल्लं ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. आपण एकत्र बसून हिशेब करू.